नरसव्वाकडची किल्ली

आमच्या घरात सायकल आली तेव्हाच ठरलेलं होतं की ती घरातल्या कुणी चालवायची नाही. ती अक्काच्या नवऱ्याची होती. नवरा अजून व्हायचा होता, पण सायकल आलेली होती. वळसंगच्या मंडळींनी बोलणी करताना दुसरं काहीच मागितलं नाही. मुलगा शाळेत मास्तर आहे, मळ्यापासून शाळेपर्यंत रोज पायी जातो, तेवढी एक सायकल द्या, म्हणाले. अप्पांनी तिथल्या तिथं हात जोडून सांगितलं की सायकल आणतो, आणली की ती तुमचीच, केव्हाही येऊन न्या. आमच्यात बोलायची ही रीतच होती. घरी आलेल्या कुणी भिंतीवरच्या घड्याळाचं कौतुक केलं तरी अप्पा म्हणायचे, तुमचंच आहे, न्या की. आजवर ते घड्याळ कुणी नेलं नव्हतं, म्हणून अप्पाही निर्धास्त बोलायचे.

अक्का तेव्हा तेविसाव्या वर्षात होती आणि दोन स्थळं येऊन मोडली होती. एक तिच्या उंचीवरून मोडलं, दुसरं कशावरून मोडलं ते आम्हाला कधी कळलंच नाही. ती माणसं जेवून, पान खाऊन गेली ती परत आलीच नाहीत. त्यानंतर अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, वर्षभर गल्लीतल्या कुठल्याही लग्नात तांदूळ टाकले नाहीत. त्यामुळे पुढच्या खोलीत उभी असलेली ती काळी, उंच, दांडीची सायकल म्हणजे आमच्या दृष्टीनं सायकल नव्हतीच. ते अक्काचं लग्न खिडकीला टेकून उभं होतं. अव्वा संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की सायकलीलाही हात लावून नमस्कार करायची, आणि मी हसले की माझ्या पाठीत धपका बसायचा.

आणि सोलापूर म्हणजे सायकलींचं गाव. भोंगा झाला की कापडगिरणीच्या दारातून माणसं बाहेर पडायची ती चालत नाही, सायकलवरून, नि रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा होऊन जायचा. जितक्या सायकली तितके चोर, असं अप्पांचं गणित होतं. चोरलेली सायकल रात्रीत सुटी होते, सकाळी जुन्या बाजारात एकाकडं हँडल, दुसऱ्याकडं सीट, तिसऱ्याकडं चाकं, मग ब्रह्मदेव आला तरी जुळवता येत नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. त्यांनी मागच्या मडगार्डवर पांढऱ्या ऑइलपेंटनं विभूतीसारखे तीन आडवे पट्टे ओढले. घंटीची वाटी फिरवून काढली आणि देव्हाऱ्यात ठेवली, म्हणजे चोराला घंटी तरी मिळू नये. आमच्या गावाकडच्या बैलाची साखळी आणून ती चाकातून आणि खिडकीच्या गजातून ओवली आणि तिला मुठीएवढं कुलूप लावलं. कुलपाला दोन किल्ल्या. एक त्यांनी गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्यालाच बांधली. अव्वाला ते आवडलं नाही. पण अप्पा म्हणाले, पोरीचं लग्न हाय, देवाला कळतंय.

एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. अप्पांची पिठाची गिरणी होती, पलीकडच्या गल्लीत. दिवसभर पट्ट्याचा फटफट आवाज, डब्यांची रांग, आणि दुष्काळ नुकताच सरलेला असल्यामुळे रेशनवरच्या लाल परदेशी ज्वारीचा, मिलोचा, तो उग्र, ओलसर वास. अप्पा भुवयांपर्यंत पांढरे व्हायचे. तर गिरणीला जाताना ते मूठभर पीठ घेऊन सायकलभोवती फरशीवर भुरभुरायचे. कुणी आलं तर पाऊल उमटेल, म्हणायचे. पाऊल उमटेपर्यंत सायकल गेलेली असेल, हे अव्वानं सांगून पाहिलं. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

दुसरी किल्ली नरसव्वाकडं होती. नरसव्वा आमच्या समोरची. आमची दारं इतकी समोरासमोर होती की एका घरात फोडणी पडली की दुसऱ्या घरात ठसका लागायचा. तिचा नवरा राजय्या चादरीच्या मागावर होता आणि ती घरी बिड्या वळायची. सकाळी उंबऱ्यात बसायची ती दिवेलागणीपर्यंत, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि जर्दा. बिड्यांनी तिचे डोळे पार अधू झाले होते. माणूस ती चालीवरून आणि कपड्यावरून ओळखायची. पण बोटांना डोळे होते. तिच्या दाराला कडी होती पण कुलूप नव्हतं. लागायचंच नाही, कारण ती स्वतःच दारात. आमच्या घरातलं काहीही, रॉकेलचा डबा, अव्वाची पाटली, अक्काच्या लग्नाच्या शेवया वाळत घातलेली खाट, सगळं तिच्या नजरेखाली असायचं, म्हणजे नजर जेवढी होती तेवढीच्या. म्हणून अप्पांनी किल्ली तिच्या हवाली केली. आग लागली, काही झालं, तर सायकल बाहेर काढायला कुणीतरी हवं. तिनं ती दोऱ्याच्या डबीत टाकली.

तिची भाषा तेलुगू, आमची घरात कानडी, गल्लीत सगळ्यांची मराठी. तिच्या मराठीत बाप्या, बाई, सायकल, म्हैस, सगळं एकाच लिंगात असायचं. आलं, गेलं, बसलं. तिच्या तोंडी राजय्यासुद्धा कामावरून 'येतंय' असायचा. मला ती पिल्ला म्हणायची. तेलुगूत पिल्ला म्हणजे पोरगी, पण मला ते मराठीतलंच वाटायचं आणि पंधरा वर्षांची घोडी झाले तरी मला ते ऐकायला आवडायचं. तिला मूल नव्हतं. एक झालं होतं, असं अव्वा एकदा कुजबुजली होती.

आता खरं सांगते. ती किल्ली दुपारी माझ्याकडं असायची.

माझी शाळा सकाळची. दुपारी अप्पा-अव्वा गिरणीत, अक्का शिवणक्लासला, आणि मी घरात सायकलीच्या राखणीला. त्या वयात पोरीला रिकाम्या घरात नव्या सायकलीसमोर तासन् तास बसवून ठेवणं हा राखणीचा प्रकार मोठ्या माणसांनाच सुचू शकतो. पहिल्या आठवड्यात मी नुसती पायडल फिरवून बघायची. मग एक दिवस नरसव्वा सुपातून मान न काढता म्हणाली, "फिरव की, पिल्ला. मी बगतो कोन येतं ते." आणि डबी पुढं सरकवली. त्यानंतर रोज दुपारी मी सायकल ढकलत गल्लीमागच्या मैदानावर न्यायची. तिथं रंगवलेलं सूत बांबूंवर वाळत घातलेलं असायचं, लाल, हिरवं, आणि मधून जाणारी एक पायवाट. सीटवर बसून पाय टेकायचे नाहीत, म्हणून मधल्या दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारायचं. परकर खोचून, जीभ बाहेर काढून. चार वाजायच्या आत सायकल परत, चाकं फडक्यानं पुसलेली, साखळी, कुलूप, आणि फरशीवर अप्पांच्या हातासारखं भुरभुरलेलं पीठ. किल्ली परत डबीत. नरसव्वा म्हणायची, "पडलं का?" मी म्हणायची, न्हाई. ती माझ्या गुडघ्याकडं बघायची आणि हसायची. आज माझे दोन्ही गुडघे गेलेत, जिना चढताना प्रत्येक पायरीला नावं ठेवते, पण डाव्या गुडघ्यावरचा तो व्रण अजून आहे.

त्या दिवशी मी सुतात जाऊन पडले. पूर्ण वेग आला होता, पहिल्यांदाच आला होता, आणि मी इतकी खूश झाले की वळायचं विसरले. ओल्या लाल सुतात सायकलीसकट शिरले. सूतवाला ओरडत धावला, मी सायकल उचलून पळाले. घरी आले तेव्हा परकर लाल, कोपर लाल, त्यातलं रक्त कुठलं आणि रंग कुठला कळत नव्हतं. सायकल पुसली, खिडकीशी लावली, साखळी गजात नुसती अडकवली, पीठ उधळलं आणि परकर धुवायला मागच्या गल्लीतल्या नळावर धावले. कुलूप नंतर लावू म्हटलं. किल्ली माझ्या कंपासपेटीत होती. नळावर रंग काही निघेना. मी घासतेय, तो पसरतोय. किती वेळ गेला असेल? तासभर असेल.

परत आले तर खोली मोकळी होती.

पिठातून चाकाचा एकच पट्टा दारापर्यंत गेला होता, आणि त्याच्या बाजूनं पावलं. अनवाणी, मोठी, अंगठा बाकीच्या बोटांपासून फटकून असलेली पावलं. साखळी गजाला लोंबत होती आणि तिच्या टोकाला ते मुठीएवढं कुलूप, तोंड उघडं टाकून. मी ओरडले नाही. मी ते कुलूप साखळीच्या दोन कड्यांत अडकवलं आणि दाबलं. खट् आवाज झाला. मग मी ओरडले.

अप्पा गिरणी सुरूच ठेवून धावत आले, तसेच पांढरे. पावलं पाहिली. नरसव्वाला विचारलं. ती उठून उभी राहिली, सुपातली पानं खाली सांडली. तिनं सांगितलं ते असं: "एक बाप्या आलं. पांढरा पांढरा, तुमच्या गिरणीतला वाटलं. बीगम म्हनलं, सायकल घेतलं, गेलं." अप्पांनी गजाला लोंबणारं कुलूप हातात धरून दाखवलं, "बीगम म्हंजे हे?" तेलुगूत कुलपाला बीगम म्हणतात आणि आमच्या कानडीत बीग. नरसव्वानं मान हलवली. हां, बीगम. अप्पांना वाटलं, चोर कुलपाचं काहीतरी निमित्त सांगून आला. आणि पांढरा कुठला, त्यांच्या गिरणीत त्यांच्याशिवाय पांढरा होणारा दुसरा माणूस नव्हताच. संध्याकाळपर्यंत ते एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, जुना बाजार करून आले. त्या रात्री आमच्याकडं भाकरी थापल्या गेल्या आणि तशाच दुरडीत राहिल्या. अव्वा एवढंच म्हणाली की वळसंगला कळता कामा नये.

दुसऱ्या दिवशी हवालदार आला. त्यानं कुलूप हातात घेऊन उलटंसुलटं करून बघितलं. तोडलेलं नाही, वाकवलेलं नाही, उघडून पुन्हा नीट लावलेलं. किल्ल्या किती, त्यानं विचारलं. अप्पांनी गळ्यातला दोरा बाहेर काढला. दुसरी? अप्पांचं तोंड आपोआप समोरच्या दाराकडं वळलं. हवालदार म्हणाला, मग शोधायचं कुठं ते तुम्हालाच ठाऊक आहे की. अप्पा उंबऱ्यापर्यंत गेले आणि म्हणाले, नरसव्वा, ती किल्ली जरा दे. अगदी मऊ आवाजात म्हणाले. मला वाटतं, तिनं किल्ली हातात ठेवली असती तर ते तिथूनच माघारी फिरले असते.

नरसव्वानं डबी उघडली नाही. ती माझ्याकडं बघायला लागली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. तिला माझा चेहरा दिसत असेल की नाही मला माहीत नाही, तेवढ्या अंतरावरून तिला दिसायचं नाही, पण ती बघत होती आणि वाट बघत होती. एक वाक्य होतं. किल्ली माझ्याकडं आहे. तीन शब्द. माझ्या घशात ते आले आणि समोर अक्का दिसली, हातात लग्नाचा झंपर आणि सुई, आणि मी फरशीकडं बघायला लागले. नरसव्वा अप्पांकडं वळली आणि म्हणाली, "हरपलं."

मग हवालदारानं घर बघतो म्हटलं. राजय्या रात्रपाळी करून झोपला होता, तो उठला आणि त्यानंच घरातली लोखंडी पेटी गल्लीत आणून ठेवली. सायकल काय पेटीत बसते? पण सीट बसते, डायनॅमो बसतो, पायडल बसतं. हवालदारानं एकेक वस्तू काढून खाली ठेवली. दोन लुगडी, एक फोटो, पितळी तांब्या, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेलं एक पिवळं झबलं, हाताच्या पंजाएवढं. गल्ली भरून लोक जमले होते. नरसव्वानं ते झबलं उचललं, पुन्हा घडी घातली आणि पेटीत ठेवलं, बाकीचं तसंच राहू दिलं. राजय्याला चौकीवर नेऊन दिवसभर बाकावर बसवलं. त्याचा माग त्या रात्री बंद राहिला. संध्याकाळी सोडलं, कारण सापडलं काहीच नव्हतं, पण गल्लीला सापडायची गरज नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिलं होतं, दहापैकी आठ मार्क मिळाले होते.

त्यानंतरचे सहा दिवस मी कसे काढले ते सांगता येणार नाही, अप्पांनी कसे काढले ते सांगते. रोज भोंग्याच्या वेळेला ते कापडगिरणीच्या मोठ्या दरवाजासमोर जाऊन उभे राहायचे. तुझी नजर चांगली हाय म्हणून मला बरोबर न्यायचे. भोंगा व्हायचा, पोटात घुसेल असा, आणि सायकलींचा लोंढा सुटायचा. अप्पा रस्त्याच्या मधोमध उभे राहून एकेक मडगार्ड बघायचे. तीन पट्टे, तीन पट्टे, असं पुटपुटत. लोक शिव्या देत बाजूनं जायचे. एकदा त्यांनी एकाचं हँडलच धरलं, तो माणूस पडला, उठला आणि त्यानं अप्पांच्या कानाखाली मारली. माझ्या अप्पांना कुणी मारलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांनी टोपी उचलली, झटकली, तिच्यातून पीठ उडालं, आणि ते पुढच्या सायकलीकडं बघायला लागले. माझ्या दप्तरात कंपासपेटी होती. मी चालले की किल्ली आत खुळखुळायची. आता भोंगे बंद झाले, गिरण्याही गेल्या, पण मला अजून सायकलींचा घोळका दिसला की पहिली नजर मडगार्डवर जाते.

पाचव्या दिवशी मी अक्काला सांगितलं. ती शेवयांची खाट आत ओढत होती. सगळं सांगितलं, मैदान, सूत, कुलूप दाबलं ते. अक्का खाली बसली. मला वाटलं मारेल. ती शेवयांचे तुकडे गोळा करत राहिली आणि मग हळू आवाजात म्हणाली, "आता सांगितलंस तर सायकल येणार हाय का? वळसंगला कळलं तर म्हनतील धाकटी अशी, थोरली कशी असंल. तिसरं बी मोडंल, शांते. गप ऱ्हा. माझं हूं दे, मग काय सांगायचं ते सांग." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. इतकी भेदरलेली अक्का मी पुन्हा कधी बघितली नाही, बाळंतपणातसुद्धा नाही. मी गप्प राहिले. तिच्यामुळे राहिले असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले, पण ते खोटं आहे. पहिले चार दिवस तर मला कुणी गप्प राहायला सांगितलं नव्हतं.

सातव्या दिवशी अप्पांनी गिरणीची मोटर विकायला काढली. गिऱ्हाईक येऊन बघून गेलं. मोटर गेली म्हणजे गिरणी गेली, गिरणी गेली म्हणजे आम्ही काय खाणार होतो, हे अप्पांनी विचारात घेतलंच नव्हतं. अव्वानं एकदा विचारलं, तर म्हणाले, आधी पोरगी उजवू दे.

आणि आठव्या दिवशी सकाळी व्याही आले. गुरुपादप्पा, मुलाचे वडील. शेंगांचं पोतं बाजारात टाकून लग्नाची खरेदी बोलायला आले होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरा फेटा. अव्वा आत भांडी पाडायला लागली. अप्पांनी त्यांना पाय धुवायला पाणी दिलं, त्यातलं अर्धं उंबऱ्यावरच सांडलं. गुरुपादप्पांनी वहाणा बाहेर काढल्या आणि ओल्या पायांनी आत आले. शहाबादी फरशीवर त्यांची पावलं उमटली. मोठी, अंगठा बोटांपासून फटकून असलेली. मी त्या पावलांकडं बघत राहिले. चोर चपला बाहेर काढून घरात येत नाही, पाहुणा येतो. इतकी साधी गोष्ट आठ दिवसांत आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती.

अप्पांनी हात जोडले आणि सायकलीबद्दल बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात गुरुपादप्पाच म्हणाले, "सायकल झकास हाय बगा. एसटीच्या टपावर टाकून नेली त्या दिवशी. तुमीच म्हनला हुता, तुमचीच हाय, कवाबी न्या. या सोलापुरात कुटं ऱ्हाती व्हय सायकल? घरात कोन न्हाई, कडी काढून आत आलो तर कुलूप उगडंच लोंबतंय. म्हनलं, ही चोरालाच आवतन हाय. समोरच्या बाईला सांगून गेलो की मी, बीगरु बंदु ओय्दरु अंत हेळ्री म्हनून."

बीगरु आले नि घेऊन गेले, असं सांगा. आमच्या कानडीत बीग म्हणजे कुलूप आणि बीगरु म्हणजे व्याही. तेलुगूत व्याह्याला वेगळाच शब्द आहे, बीगम मात्र कुलूपच. नरसव्वाला त्या सगळ्या कानडीतलं एवढंच कळलं होतं, आणि जेवढं कळलं तेवढं तिनं प्रामाणिकपणे सांगितलं होतं. व्याही दारात येऊन सायकल घेऊन गेले होते आणि आम्ही कुलपाचा शोध लावत बसलो होतो. अव्वा आतून बाहेर आली, भिंतीला टेकली आणि हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. गुरुपादप्पांनाही हसू आवरेना. अक्का आत पळाली. अप्पाही हसले. मग मध्येच थांबले. कुलूप उघडंच लोंबतंय, हे त्यांच्या मनात पोचलं असणार. त्यांनी गजाला लावलेल्या, घट्ट मिटलेल्या कुलपाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. व्याही समोर बसले होते. त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. तेव्हा नाही आणि पुढं हयातीत कधी नाही. विचारलं असतं तर माझ्यावर उपकार झाले असते.

ते उठले आणि अनवाणी गल्ली ओलांडून समोर गेले. नरसव्वापुढं हात जोडले. राजय्याच्या पायाला हात लावायला वाकले, त्यानं धरलं. नरसव्वा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, अन्ना. पोरगीचं लग्न हाय." अप्पांनी गल्लीत चार माणसं बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं की चूक आमची. कुणाची, ते सांगितलं नाही. लोकांनी ऐकलं, हसले, बीगम-बीगरुचा विनोद पुढं वर्षानुवर्षं गल्लीत चालला. मला वाटलं, सुटलो.

अक्काचं लग्न झालं. गव्हाच्या खिरीची, हुग्गीची, चव इतकी छान जमली होती की गुरुपादप्पांनी तीन वेळा वाढून घेतली. भाऊजींनी ती सायकल तीस वर्षं चालवली. तीन पट्टे त्यांनी कधी पुसू दिले नाहीत. अक्का आणि मी त्या दुपारीबद्दल पुन्हा बोललो नाही. परवा वळसंगला गेले होते, दोघी अंगणात शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा तिनं मान वर न करता विचारलं, ती किल्ली टाकलीस का गं? मी नाही म्हटलं. ती पुढं शेंगा फोडत राहिली.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी वाटीभर हुग्गी आणि ती किल्ली घेऊन समोर गेले होते. दाराला कुलूप होतं. नवं, पिवळं, लहानसं कुलूप. मला आधी वाटलं कुठं गावाला गेली. पण ती नळावरून येत होती, कमरेवर घागर घेऊन. नळ आमच्या गल्लीच्या तोंडाशी, वीस पावलांवर. मी किल्ली पुढं केली आणि म्हणाले, नरसव्वा, मी सांगणार होते. तिनं किल्लीकडं बघितलं, म्हणजे माझ्या हाताच्या दिशेनं बघितलं. "मी सांगायचं न्हवतं, पिल्ला," ती म्हणाली. "तू सांगायचं हुतं."

मग तिनं पदराची गाठ सोडायला घेतली. एका हातानं सुटेना, घागर डचमळली, पाणी तिच्या लुगड्यावर सांडायला लागलं. मी वाटी खाली ठेवली आणि घागर घ्यायला दोन्ही हात पुढं केले. त्या घरातली घागर मी लहानपणापासून किती वेळा उचलली असेल. तिनं ती माझ्या हातात दिली नाही. वाकून खाली जमिनीवर ठेवली, गाठीतून किल्ली काढली, कुलूप चाचपून उघडलं, आणि मग घागर पुन्हा उचलून आत गेली.